एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नव्याने येणाऱ्या नर्सेससाठी

नव्या नर्सची नजर मॉनिटरवर खिळलेली असते. आकडे बघायचेच, पण माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलींना मी आधी बाळाकडे बघायला लावते. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) घसरण्याआधी बाळ बरंच काही सांगून जातं. बोटं फाकतात, कपाळावर आठी येते, उचकी लागते, अंगावर जाळीदार डाग उमटतात. म्हणजे आता थांबा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आवाज. गर्भधारणेच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं, पण नकोसा आवाज टाळता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असं सांगितलं होतं. नुसत्या बोलण्याचा आवाजही त्याच्यावर जातो! इन्क्युबेटरची खिडकी लावताना खटका बोटाने दाबून धरा. वर फाइल आपटू नका, टकटक करू नका, आत तो आवाज कितीतरी मोठा होतो. ड्यूटी बदलतानाची माहिती (हँडओव्हर) बाळाच्या डोक्याशी उभं राहून देऊ नका. अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघा, मग लगेच आवाज बंद करून कारण शोधा.

उजेडाचं सोपं आहे. इन्क्युबेटरवर कापड टाका, पण बाळ दिसत राहील असं. प्रोसिजरच्या दिव्याखाली डोळे झाका, कारण गर्भधारणेच्या तिसाव्या आठवड्याआधी बाहुली उजेडाला नीट आक्रसत नाही.

हाताळणीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. सगळी कामं एकदम उरकली की बाळाला झोप मिळते, हे खरं. पण डायपर, सक्शन (नळीने स्राव ओढून काढणं), टाचेतून रक्त, वजन असं सलग केलं तर अगदी लहान बाळ थकून जातं. दोन-तीन कामं करा, मग हात स्थिर ठेवून थांबा. टोचताना दुसऱ्या कुणाला तरी बाळाचे हातपाय अलगद दुमडून धरायला सांगा, आणि तोंडाने द्यायला मनाई नसेल तर आधी आईच्या दुधाचे थेंब जिभेवर द्या.

हे दुमडून धरणं आईवडिलांनाही शिकवा. ते बहुतेक वेळा बोटाने हळूहळू कुरवाळतात आणि बाळ दचकतं. एक तळवा डोक्यावर, एक पायांशी, न हलवता. बाळाची प्रकृती स्थिर असेल तर कांगारू केअरबद्दल (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याबद्दल) डॉक्टरांना तुम्हीच विचारा, आईने विचारायची वाट बघू नका.