कोकणात जाताना गाडीत कुठलं पेट्रोल भरायचं, साधं की महागाचं?

गावाला निघताना घरातलं कुणी ना कुणी सांगतंच, "पुढे घाट आहेत, या वेळी पॉवर पेट्रोल भर." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण बहुतेक गाड्यांसाठी हा सल्ला म्हणजे खिशाला भुर्दंड, आणि थोड्या गाड्यांसाठी तो अगदी बरोबर. आपली गाडी यातली कुठली, हे घरबसल्या ठरवता येतं.

आधी ऑक्टेनचा अर्थ समजून घेऊ. इंजिनात पिस्टन पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटत जातं. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. असं आपोआप भडकण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. त्याचा ताकदीशी थेट संबंध नाही. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो, तरी लिटरमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते.

पायरी १: टाकीचं झाकण उघडा

झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक गाड्यांत स्टिकर असतो. तिथे नसेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात इंधनाचं पान काढा. 'आरओएन ९१ किंवा जास्त' असं लिहिलं असेल (आरओएन म्हणजे ऑक्टेनचाच आकडा), तर इंजिन ९१ धरूनच बनवलंय. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्या यात येतात. 'किमान ९५' असेल तर ते गांभीर्याने घ्या. काही युरोपीय बनावटीच्या आणि महागड्या टर्बो गाड्यांवर असा आकडा सापडतो, एखादीवर ९८ सुद्धा.

एक खबरदारी. अमेरिकेतले व्हिडिओ बघून ८७ आकड्याशी तुलना करू नका. तिथले पंप वेगळ्या मोजमापाचा आकडा लावतात आणि तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१ च.

पायरी २: पंपावर नेमकं काय मिळतं ते बघा

इथे गेल्या काही वर्षांत चित्र पालटलंय. साधं पेट्रोल पूर्वी ९१ चं होतं. आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० मिळतं, आणि पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये केलेल्या खुलाशानुसार त्याचा आरओएन ९५ आहे. म्हणजे 'एक्सपी ९५' किंवा 'पॉवर ९५' अशा नावांचं महागाचं पेट्रोल भरून ऑक्टेनच्या बाबतीत फारसं काही पदरात पडत नाही. त्यात इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी रसायनं जास्त असतात, पैसे मोजायचे तर त्यासाठी. १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने आणलं. ते फार महाग आहे आणि उच्च दाबाच्या, शर्यतीच्या जातीच्या इंजिनांसाठी आहे. ते साध्या हॅचबॅकमध्ये ओतण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

हिशोब सोपा आहे. समजा लिटरमागे सात रुपयांचा फरक आहे आणि टाकी ३५ लिटरची, तर एका टाकीला २४५ रुपये जास्त. आंबोलीत चहा-भजी आणि वर थोडं टोलपुरतं निघेल.

पायरी ३: घाटात कान द्या

हीच खरी परीक्षा, आणि त्यासाठी कोकणाइतकी चांगली जागा दुसरी नाही. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, जो घाट तुमच्या वाटेवर असेल तो. कोकणची बाजू समुद्रसपाटीला असल्याने इथली हवा दाट असते. इंजिनात जास्त हवा जाते, त्यामुळे नॉकिंगची शक्यता घाटमाथ्यापेक्षा पायथ्याशीच जास्त. त्यात एप्रिल-मेचं ऊन, चार माणसं, एसी चालू आणि डिकीत हापूसच्या पेट्या, म्हणजे इंजिनावर पुरता ताण.

खिडक्या खाली करा, गाणी बंद करा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जरा मंद फिरत असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि ऐका. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक टिकटिक-खणखण आवाज आला आणि पाय सैल केल्यावर लगेच थांबला, तर ते नॉकिंग. आवाज पाय सोडल्यावरही चालूच राहिला, तर तो दुसराच काहीतरी आहे आणि मेकॅनिकला दाखवायला हवा.

नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. आवाज येण्याआधीच तो संगणकाला कळवतो आणि ठिणगीची वेळ मागे सरकते. इंजिन वाचतं, पण पिकअप मंदावतो. टर्बो गाडी चढावर नेहमीपेक्षा सुस्त वाटली, तर हे कारण असू शकतं. अशा गाडीत जास्त ऑक्टेनचा फायदा खरोखर जाणवतो.

आणखी एक गोष्ट लोकांना नवल वाटायला लावते. दमट आणि गार हवेत नॉकिंग कमी होतं. म्हणून श्रावणात घाट चढलेल्या गाडीवरून मेमधलं ठरवू नका.

पायरी ४: पेट्रोलला दोष देण्याआधी

नॉकिंग ऐकू आलं की पहिला इलाज पेट्रोल बदलणं नव्हे. आधी एक गिअर खाली टाका. कोकणातल्या कितीतरी गाड्या चौथ्या गिअरमध्ये चढ रेटल्यामुळे ठोकतात आणि दोष पंपावर जातो. नंतर रेडिएटरमधलं कूलंट, प्लग कुठले बसवलेत, आणि जुन्या इंजिनात साचलेला कार्बन तपासून घ्या. जुन्या गाडीच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं असेल, तर रबरी नळ्या आणि गॅस्केट मेकॅनिककडून बघून घ्या. तो प्रश्न ऑक्टेनचा नाही, त्यामुळे महागाच्या पेट्रोलने तो सुटेलच असं नाही.

हे सगळं ठीक असेल आणि आवाज तरीही येत असेल, तर ९५ च्या वरचं पेट्रोल टाकी भरून घ्या आणि त्याच चढावर, तेवढ्याच ओझ्यासह पुन्हा जा. आवाज गेला तर तुमच्या गाडीला त्याची गरज आहे. काहीच फरक वाटला नाही, तर साध्यावर परत या, निःशंकपणे.

पायरी ५: पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्या

कोकणातल्या वाड्यांमध्ये अशा गाड्या खूप. मालक मुंबईत आणि गाडी पडवीलगत चार महिने झाकून ठेवलेली. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी असेल, तर वरच्या मोकळ्या जागेतल्या दमट हवेतून पाणी आत येत राहतं. पाणी फारच वाढलं, तर इथेनॉल पाण्याबरोबर वेगळं होऊन तळाशी बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, कारण ऑक्टेन वाढवणारा घटकच खाली गेलेला असतो. आजच्या बंद टाक्यांमध्ये हे सहज होत नाही. तरी जुनी टाकी, सैल झाकण किंवा पुरात बुडालेली गाडी यांना हा धोका आहे.

म्हणून पावसाआधी टाकी काठोकाठ नाही पण भरलेली ठेवा, आणि झाकणाचं रबर तडकलंय का ते बघा. शक्य असेल तर गावातल्या कुणाला तरी पंधरवड्यातून एकदा गाडी फिरवायला सांगा. गणपतीला आल्यावर गाडी सुरू झाली, पण अडखळत चालली, तर वर १०० ऑक्टेन ओतून काम भागवू नका. तळाशी साचलेलं पाणी त्याने निघत नाही. मेकॅनिककडून टाकी उपसून घ्या, इंधनाचा फिल्टर बदला, मग ताजं साधं पेट्रोल भरून आधी सपाटीवर चालवून बघा. घाट त्यानंतर.