बिएल्साचा न थांबणारा सराव आपल्या पोरांकडून कसा करून घ्यावा

इंदिरानगरातल्या मोकळ्या मैदानावर मी बारा ते चौदा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. मेस्सी सगळ्यांनाच ठाऊक असतो. मी त्यांना मेस्सीच्याच गावच्या, म्हणजे अर्जेंटिनातल्या रोसारियोच्या मार्सेलो बिएल्साबद्दल सांगतो. तिथल्याच न्यूवेल्स ओल्ड बॉइज क्लबचा हा बचावपटू पंचविशीतच खेळातून बाहेर पडला, १९९० मध्ये त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला आणि विजेतेपदं आणली. क्लबच्या स्टेडियमला आज त्याचं नाव आहे.

पुढे इंग्लंडच्या लीड्स क्लबचा प्रशिक्षक असताना त्याचा 'मर्डरबॉल' हा न थांबणारा सराव गाजला. फाउलसाठी शिट्टी नाही, थ्रो-इन नाही. चेंडू बाहेर गेला की दुसरा लगेच आत.

आपल्याकडे तो असा घ्या. चाळीस बाय पंचवीस पावलांचं मैदान आखा, सहा-सहा पोरं घ्या. चारही कडांना एकेक पालक उभा करा, प्रत्येकाच्या पायाशी एक चेंडू. पालकांना बजावून सांगा, बाहेर गेलेल्या चेंडूमागे पळायचं नाही, आपला आत ढकलायचा. हेच सगळ्यात अवघड जातं. पहिल्या दिवशी चौघेही चेंडूमागे धावले आणि आत पोरं कमरेवर हात ठेवून उभी. तेव्हापासून चेंडू आणायला दोन राखीव खेळाडू ठेवतो.

तीन मिनिटं खेळ, दोन मिनिटं दम, अशा चार फेऱ्या पुरे. मोठ्यांचं वेळापत्रक पोरांवर लादू नका. मार्चपासून साडेसहालाच सुरू करा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सावलीत ठेवा. आपली जमीन मुरमाची, म्हणून घसरून टॅकल अजिबात नाही. तिसऱ्या फेरीत पाय जड होतात आणि पोरं पास द्यायच्या आधी मान वर करून बघेनाशी होतात. तेव्हा ओरडू नका. फेरी संपल्यावर एकेकाला विचारा, "तुझ्या डावीकडे कोण होतं?"

शिट्टी नसली की धक्काबुक्की वाढते. त्यावर माझा नियम असा की ज्याच्याकडून फाउल झाला त्यानं स्वतःच हात वर करायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत बाहेर थांबायचं. इथे मी २०१९ ची लीड्स-ॲस्टन व्हिला मॅच सांगतो. व्हिलाचा खेळाडू दुखापतीनं पडलेला असताना लीड्सनं गोल केला. बिएल्सानं आपल्याच संघाला बाजूला व्हायला लावून व्हिलाला बरोबरीचा गोल करू दिला. त्या मोसमात लीड्सला वरची लीग मिळाली नाही, पुढच्या वर्षी मिळाली, १६ वर्षांनी. त्याचे करंडक मोजके, पण लोकांचा त्याच्यावर जीव का आहे हे पोरांना या मॅचमधून लगेच कळतं.

सराव संपला की लगेच घरी सोडू नका. तिकिटाच्या पैशांसाठी सामान्य चाहत्याला साधारण तीन तास राबावं लागतं, म्हणून बिएल्सानं लीड्सच्या खेळाडूंना तीन तास कचरा वेचायला लावला होता. आम्ही दहा मिनिटं वेचतो. गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, क्रिकेटवाल्यांच्या टेपचे तुकडे. पावणेआठला घंटागाडी येते. पिशवी पालकांनी उचलायची नाही, पोरांनीच गाडीत टाकायची.