खरेदी सॉफ्टवेअरवर नेताय? आधी आयटमची यादी साफ करा

कारखान्याची खरेदी रजिस्टर-एक्सेलमधून टॅली नाहीतर ईआरपीनेक्स्टसारख्या सॉफ्टवेअरवर न्यायची असेल तर डेमो बघायच्या आधी आयटमची यादी साफ करून घ्या, निम्मं काम तिथंच असतं. एकच बेअरिंग स्टोअरवाला 'बेअरिंग ६२०५' लिहितो, मेंटेनन्सवाला '६२०५ बेरिंग' आणि अकाउंटवाले बिलावर जे असेल ते, मग सॉफ्टवेअर त्याला तीन वेगळे माल धरतं, एकाचा स्टॉक शून्य दाखवतं आणि माल कपाटात पडलेला असताना नवीन ऑर्डर जाते. पण ६२०५ झेडझेड आणि ६२०५ टूआरएस खरंच वेगळे आहेत, एकाला पत्र्याचं शील्ड, दुसऱ्याला रबर सील, ते एकत्र करू नका, म्हणून हे काम आयटीवाल्यावर न सोडता स्टोअरमधल्या जुन्या माणसाला शेजारी बसवून करा. युनिटही बघा, नटबोल्ट किलोवर घेतो आणि नगावर देतो.

व्हेंडरच्या यादीत जीएसटी नंबरासोबत उद्यम नंबर (लहान उद्योगांचा सरकारी नोंदणी नंबर) टाकाच. सूक्ष्म-लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत करावं लागतं, उशीर झाला तर आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) तो खर्च पैसे देऊ त्याच वर्षी धरता येतो.

जुनी सगळी बिलं सॉफ्टवेअरमध्ये चढवत बसू नका, उघड्या पीओ (माल यायचा बाकी असलेल्या खरेदी ऑर्डर), बाकी देणी आणि मोजलेला स्टॉक, बस. आणि पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), बिल जुळल्याशिवाय पेमेंट नाही हे पहिल्या दिवसापासून.