क्लास नसलेल्या फॅन्टसी आरपीजीत कॅरेक्टर कसं घडवायचं

स्कायरिम ही आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) सुरू केली की योद्धा व्हायचंय, जादूगार व्हायचंय की चोर, म्हणजे क्लास कोणता, हे खेळ विचारतच नाही. वंश निवडा, चेहरा ठरवा, पुढे जे हातात घ्याल ते तुम्ही. १८ स्किल्स पहिल्या मिनिटापासून मोकळी असतात. या मोकळीकीतच अनेकांचं पहिलं कॅरेक्टर फसतं. वीस-पंचवीस तास खेळून झाल्यावर थोडी तलवार येते, थोडी आग फेकता येते, थोडी कुलुपं उघडता येतात, आणि समोर दांडगा शत्रू आला की यातलं काहीच पुरत नाही. खेळाने क्लास दिला नाही म्हणजे तो ठरवण्याचं काम तुमच्याकडे आलं. ते कसं करायचं ते इथे क्रमाने देतो आहोत.

१. पॉइंट कुठून येतात ते आधी बघा

क्लास नसलेले सगळे खेळ एका पद्धतीने चालत नाहीत. काहींत वापराल ते वाढतं. तलवार चालवली की तलवारीचं स्किल चढतं, मार खाल्ला की चिलखताचं. स्कायरिम या जातीचं. फायनल फॅन्टसी २ ने १९८८ मध्येच हा मार्ग धरला होता आणि त्याची खोडही तेव्हाच दिसली: मार खाल्ल्याने जीव वाढतो म्हटल्यावर लोक स्वतःच्याच साथीदारांना झोडपायला लागले. दुसऱ्या जातीत लेव्हल वाढली की पॉइंट हातात पडतात आणि ते कुठे टाकायचे हे तुम्ही ठरवता. एल्डन रिंग आणि डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ इथे बसतात. गॉथिकमध्ये (२००१) दर लेव्हलला १० लर्निंग पॉइंट मिळतात, पण ते खर्चायला शिकवणारा माणूस शोधून काढावा लागतो. आणि १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये एकूण बेरजेलाच कुंपण होतं: सगळी स्किल्स मिळून ७००, एका स्किलला १००. म्हणजे सात स्किल्स पूर्ण होणार, आठवं हवं तर कुठलं तरी खाली आणायचं.

हे आधी कळलं पाहिजे, कारण प्रत्येक जातीत चूक वेगळ्या जागी होते. वापराच्या खेळात ती वेळ घालवण्यात होते, पॉइंटच्या खेळात वाटपात.

२. कागदावर तीन ओळी लिहा

मारणार कशाने, वाचणार कसे, आणि तिसरा आधार कोणता. एवढंच. उदाहरणार्थ: धनुष्य, लपून राहणं आणि हलकं चिलखत, विषं बनवायला अल्केमी. खाली चौथी ओळ लिहा ती नकाराची: अमुक स्किलला हात लावणार नाही. ही चौथी ओळ सगळ्यात जास्त कामी येते. स्कायरिमच्या मूळ खेळात घेण्यासारखे पर्क (स्किलला जोडलेल्या खास क्षमता) सुमारे २५० आहेत आणि दर लेव्हलला मिळतो एक. म्हणजे लेव्हल ८१ ला पोचलात तरी हातात ८० च असतात. दोन-तीन झाडं (एका स्किलच्या पर्कचा संच म्हणजे एक झाड) पुरती भरतील, बाकीच्यांत एखाद-दुसरा पर्क जाईल, या हिशेबानेच चाला.

मारण्याचं साधन एकच ठेवा, निदान पहिल्या वीस लेव्हलपर्यंत. एकहाती शस्त्राच्या झाडातला पहिला पर्क पाच टप्प्यांचा आहे. स्किल ०, २०, ४०, ६०, ८० ला तो घेता येतो आणि पाचही घेतले की इजा दुप्पट होते. निम्मे पर्क तलवारीत आणि निम्मे धनुष्यात टाकलेत तर दोन्हीकडे अर्ध्यावरच राहता.

३. वापराने वाढणाऱ्या खेळात लोहारकामाचा सापळा ओळखा

इथे थोडं गणित करू, कारण बहुतेक गोंधळ याच जागी आहे. स्कायरिममध्ये एखादं स्किल एका पायरीने चढलं की नव्या पायरीच्या आकड्याइतका अनुभव कॅरेक्टरला मिळतो. स्किल १६ झालं तर १६, ९५ झालं तर ९५. लेव्हल १ वरून २ वर जायला १०० लागतात, पुढे दर लेव्हलला २५ जास्त: १२५, १५०, १७५.

आता समजा तुम्ही गावात बसून लोहारकाम १५ वरून थेट १०० ला नेलंत. १६ ते १०० ची बेरीज ४९३०. लेव्हल १ वरून १७ वर जायला लागतात ४६००. म्हणजे एकही लढाई न करता तुम्ही लेव्हल १७ ला पोचलात, आणि तलवारीचं स्किल अजून १५ ला. शत्रू मात्र तुमची लेव्हल बघून बाहेर येतात. आधी साधे दरोडेखोर भेटायचे, आता त्यांचे मोठे भाऊ भेटतात. चिलखत झकास असेलही, पण त्यांना पाडायला वार पुरत नाहीत.

उपाय साधा आहे. हस्तकलेचं स्किल दहा पायऱ्या चढवलं की थांबा आणि मारण्याचं स्किल तितकंच वर येईपर्यंत बाहेर फिरा. लोहारकामात अनुभव वस्तूच्या किमतीवर मिळतो, त्यामुळे लोखंडी सुऱ्यांचे ढीग पाडण्यात अर्थ नाही; सोन्या-चांदीचे दागिने लवकर चढवतात. चिलखताचा आकडा ५६७ ला पोचला (ढाल न घेता चारही तुकडे अंगावर असताना) की संरक्षण ८० टक्क्यांवर थांबतं. त्यापुढे चिलखतावर एकही पर्क घालू नका.

काय मोजलं जातं आणि काय नाही, हेही माहीत हवं. उपचाराची जादू जीव खरोखर कमी असतानाच स्किल वाढवते, भरलेल्या जिवावर कितीही टाका, काडीचा उपयोग नाही. बोलावलेला प्राणी समोर शत्रू असेल तरच मोजला जातो. पाय न वाजण्याची इल्यूजनची (भ्रमाच्या जादूचं स्किल) जादू मात्र कुठेही, चालता चालता मोजली जाते, म्हणून ते स्किल फुकटात चढतं. डिस्ट्रक्शनबद्दल (इजा करणाऱ्या जादूचं स्किल) एक गैरसमज हमखास आढळतो: स्किल वाढलं की आग जास्त लागेल. लागत नाही. स्किल फक्त जादूचा खर्च कमी करतं, इजा वाढते ती पर्कने आणि वरच्या दर्जाच्या मंत्राने. आगीवर खेळणाऱ्याने आगीचे दोन पर्क पहिल्यांदा घ्यावेत.

सुरुवातीलाच योद्धा, जादूगार किंवा चोर यांपैकी तुमच्या मार्गाचा शिळाखांब गाठा. त्या गटातली स्किल्स २० टक्के लवकर चढतात. पैसे देऊन शिकवणारे एका लेव्हलला पाचच पायऱ्या देतात, आणि न वापरलेल्या पायऱ्या पुढच्या लेव्हलला जमा होत नाहीत. या पाच पायऱ्या संथ चढणाऱ्या स्किलवर घाला. लेव्हलला मिळणारे १० गुण सगळे मॅजिकावर (जादूच्या साठ्यावर) टाकणारे जादूगार एका फटक्यात आडवे होतात. आमच्या मते दोनदा जीव, एकदा दुसरं काही, हे प्रमाण बहुतेकांना मानवतं.

४. पॉइंट वाटायच्या खेळात थांबायची जागा शोधा

एल्डन रिंगमध्ये सुरुवातीला क्लास निवडायला लावतात, पण ती फक्त आकड्यांची वेगळी मांडणी आहे. आठ स्टॅट्सची (ताकद, बुद्धी असे कॅरेक्टरचे मूळ आकडे) बेरीज करा, त्यातून ७९ वजा करा, लेव्हल मिळते. व्हॅगाबॉन्ड या क्लासची बेरीज ८८, लेव्हल ९. ॲस्ट्रोलॉजर या क्लासची ८५, लेव्हल ६. कोणालाच काही फुकट मिळालेलं नाही. म्हणून निवड करताना आपल्याला नको असलेल्या स्टॅटमध्ये कमीत कमी पॉइंट अडकलेली मांडणी घ्या. इंटेलिजन्सवर खेळायचं असेल तर ॲस्ट्रोलॉजरकडे ते १६ आहे, व्हॅगाबॉन्डकडे ९. ते सात पॉइंट सुरुवातीला मोठा फरक पाडतात.

मग प्रत्येक स्टॅटचा उतार कुठे सुरू होतो ते बघा. व्हिगर (जीव ठरवणारा स्टॅट) ४० ला जीव १४५०, ६० ला १९००, ९९ ला २१००. म्हणजे ४० ते ६० मध्ये एका पॉइंटमागे २२ च्या वर जीव मिळतो, आणि ६० नंतर जेमतेम ५. साठाच्या पुढे व्हिगरवर टाकलेला पॉइंट वाया गेला असंच समजा. उलट पन्नासाव्या लेव्हललाही व्हिगर १५ वरच ठेवणारे खूप आहेत, आणि ते मरतात ते कौशल्य कमी म्हणून नव्हे.

मोठं शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते. ६६ चे ९९ होतात, म्हणून दुहाती खेळणाऱ्याला ६६ च्या पुढे जायची गरज नाही. अंगावरचं वजन ७० टक्क्यांच्या खाली ठेवा. वर गेलं की लोळण जड होते आणि वार चुकवणंच अवघड होतं. आणि सुरुवातीच्या भागात शस्त्र घासून वरच्या पायरीवर नेणं हे स्टॅट वाढवण्यापेक्षा जास्त इजा देतं. नव्या माणसाची सगळ्यात महागडी चूक हीच: रून्स (लेव्हल वाढवायला खर्चायचं खेळातलं चलन) सगळे लेव्हलवर, शस्त्र जसंच्या तसं.

५. बेरीज की गुणाकार, ते तपासा

डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ (पुढे डिव्हिनिटी २) मधला धनुर्धर बघा. स्वाभाविक वाटतं ते म्हणजे पॉइंट रेंज्डवर (लांबून मारण्याचं स्किल) टाकणं. पण फिनेसचा (धनुर्धराची इजा वाढवणारा स्टॅट) आणि रेंज्डचा टक्का एकमेकांत मिळवला जातो, वॉरफेअरचा (शारीरिक इजा वाढवणारं स्किल) वेगळा गुणला जातो. फिनेस ३० असेल तर मूळ इजेवर १०० टक्के वाढ मिळते, म्हणजे १०० चे २०० होतात. त्यावर रेंज्डचे १० पॉइंट टाकले तर २५०. तेच १० वॉरफेअरवर टाकले तर २०० गुणिले दीड, ३००. म्हणून साध्या बाणांनी लढणारासुद्धा आधी वॉरफेअर भरतो. हे फक्त शारीरिक इजेला लागू आहे. आगीच्या किंवा विषाच्या बाणांना वॉरफेअर मदत करत नाही.

कुठल्याही खेळात हे पडताळायचं तर पॉइंट पक्का करण्याआधी सेव्ह करा, दोन्हीकडे टाकून बघा, शस्त्राचा आकडा वाचा, परत लोड करा. पाच मिनिटांचं काम आहे.

६. दर दहा लेव्हलला मोजणी, आणि बिघडलं तर दुरुस्ती

एकाच जातीच्या शत्रूला किती वार लागतात ते लिहून ठेवा. दहा लेव्हलनंतर तेवढेच किंवा जास्त लागत असतील तर पॉइंट भलतीकडे जात आहेत. स्वतःचा जीव किती फटक्यांत संपतो हेही त्याच कागदावर नोंदवा.

डिव्हिनिटी २ मध्ये दुसऱ्या अंकापासून जहाजावरचा आरसा सगळं वाटप फुकट बदलून देतो, बिनधास्त वापरा. स्कायरिममध्ये १०० झालेलं स्किल लेजंडरी केलं की ते १५ ला येतं आणि त्यातले पर्क परत मिळतात. पण मारण्याचं मुख्य स्किल कधीही असं खाली आणू नका, इल्यूजनसारखं लवकर चढणारं निवडा. एल्डन रिंगमध्ये रेनाला या मोठ्या शत्रूला हरवल्यावर ती लार्व्हल टिअर नावाची वस्तू घेऊन नवी वाटणी करून देते. हे टिअर मोजकेच मिळतात, आणि कोणताही स्टॅट सुरुवातीच्या क्लासच्या आकड्याखाली नेता येत नाही. ॲस्ट्रोलॉजर म्हणून निघालात तर ते १६ इंटेलिजन्स आणि १५ माइंड शेवटपर्यंत तुमच्यासोबत राहणार, मग पुढे हातात कुऱ्हाड घेतलीत तरी.