‘सकाळी मित्र उगवला’ : मुलांना समानार्थी-विरुद्धार्थी शब्द लिखाणात वापरायला कसं शिकवायचं

सात-आठ वर्षांच्या एका मुलाने माझ्याकडे निबंधात लिहिलं होतं, "सकाळी मित्र उगवला." मी आधी खूप हसले, मग लक्षात आलं की बिचाऱ्याचं तसं काहीच चुकलं नव्हतं, त्याने सूर्याचे समानार्थी शब्द रवि, भास्कर, दिनकर, मित्र असे पाठ केलेले आणि तेच तेच शब्द वापरू नकोस असं मीच सांगितलेलं, मग त्याने वापरला दुसरा. (मित्र हे खरंच सूर्याचं नाव आहे हो.) समानार्थी म्हणजे अगदी सेम टू सेम नसतं हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी याद्या पाठ करून घेणं बंद केलं आणि शब्द कायम वाक्यात बसवूनच शिकवते. घरी आईबाबांनाही जमेल, वही-पेन्सिल सोडून काही लागत नाही.

सुरुवात तोंडीच करा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ‘समानार्थी’ वगैरे जड शब्द सांगूच नका, "तसाच शब्द" आणि "उलटा शब्द" एवढं म्हटलं तरी पुरतं. आणि गंमत म्हणजे मुलं हे बोलताना आधीपासूनच करत असतात. येजा, चढउतार, खरंखोटं, लहानमोठे यात उलटे शब्द जोडलेत आणि दंगामस्ती, थट्टामस्करी, बाजारहाट यात तसेच. एकेक जोडी सांगायची, मुलांनी ती फोडून सांगायचं की आतले दोघं भाऊ आहेत की भांडलेले शेजारी. हाट म्हणजेसुद्धा बाजारच हे कळलं की मुलं चाट पडतात.

आता लिखाणाकडे. इथे माझं स्पष्ट मत आहे की नामांच्या मागे लागू नका, क्रियापदं आणि विशेषणं घ्या. पाणी म्हणजे जल, नीर, उदक हे परीक्षेत एका मार्काला ठीक आहे, पण "मला तहान लागली म्हणून मी उदक प्यायलो" असं कोण लिहितं? जल हा शब्द जलचर, जलप्रवास अशा ठिकाणी शोभतो, ग्लासात नाही. याउलट ‘बघणे’ घ्या, त्यात डोकावणे, निरखणे, न्याहाळणे, टक लावणे असं काय काय निघतं आणि प्रत्येकाचं चित्र वेगळं. हे चक्क अभिनय करून शिकवा, एकाने न बोलता करून दाखवायचं, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. निरखणं आणि डोकावणं एकदा अंगाने करून बघितलं की लिहिताना गल्लत होत नाही. त्या मित्र उगवलेल्या मुलाने हा खेळ खेळल्यावर वाक्य बदललं, "सकाळी सूर्य ढगातून डोकावला." सूर्य तसाच ठेवला, क्रियापद बदललं, आणि वाक्य कुठल्या कुठे गेलं!

विशेषणांसाठी शिडी काढा. वहीत पाच पायऱ्या काढायच्या आणि नाराज, चिडलेला, रागावलेला, संतापलेला हे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून मुलांनी खालून वर लावायचे, एक पायरी त्यांच्या स्वतःच्या शब्दासाठी रिकामी. चिडलेला वर की रागावलेला वर यावर भांडणं होतील, होऊ द्या, खरं शिक्षण त्या भांडणातच होतं, फक्त "का?" एवढं विचारत राहा. मग एक प्रसंग द्या, पेन्सिल हरवली तर कुठली पायरी, कुणी मुद्दाम चित्र फाडलं तर कुठली. पेन्सिल हरवली म्हणून कुणी संतापत नाही हे मुलांना बरोबर कळतं. तीच शिडी गार-कोमट-गरम-कढत अशी केली की दोन टोकांना आपोआप विरुद्धार्थी शब्द येतात आणि मधल्या कोमटचं काय करायचं हा प्रश्न मुलंच विचारतात. सगळ्याच जोड्यांना असं मधलं काही नसतं हेही मग दाखवता येतं, दार उघडं तरी असतं नाहीतर बंद.

आता मराठीतली खास भानगड, जी पुस्तकातल्या यादीत दिसत नाही. शब्द बदलला की लिंग बदलू शकतं, आणि मग अख्खं वाक्य हलतं. "रस्ता अरुंद होता आणि चिखलाने भरला होता" यात रस्ताच्या जागी वाट टाकली की "वाट अरुंद होती आणि चिखलाने भरली होती" असं सगळं बदलावं लागतं. मुलं काय करतात, फक्त एक शब्द खोडतात आणि "वाट भरला होता" तसंच राहतं. म्हणून नवीन शब्द देताना तो, ती, ते लावूनच द्या, ते झाड पण तो वृक्ष, ते पुस्तक पण तो ग्रंथ. (अमरकोश हा संस्कृत समानार्थी शब्दांचा जुना कोश सगळ्यांना ऐकून माहीत असतो, त्याचं मूळ नाव नामलिंगानुशासन आहे, म्हणजे शब्दाबरोबर त्याचं लिंगही सांगायचं हे तेव्हाच ठरलेलं.) आणि हो, कुंडीतल्या रोपाला वृक्ष म्हणत नाहीत, हेही सांगावं लागतं.

विरुद्धार्थीमध्ये सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न म्हणजे "जाडचा उलटा शब्द काय?" याला एक उत्तरच नाही! जाड कागद असेल तर पातळ, जाड दोरा असेल तर बारीक, जाड माणूस असेल तर हडकुळा. पातळचं उलटं कापडाच्या बाबतीत जाड, पण डिंकाच्या बाबतीत घट्ट. हलकी पिशवी आणि जड पिशवी, पण हलका रंग आणि गडद रंग. म्हणून माझ्याकडे नियम आहे, कुणी उलटा शब्द विचारला की समोरच्याने आधी "कशाचा?" असं विचारायचं. दोन आठवड्यात मुलं एकमेकांना सारखी "कशाचा? कशाचा?" करायला लागतात, थोडं डोक्यात जातं पण काम झालेलं असतं.

राजा-राणी, आई-बाबा हे विरुद्धार्थी म्हणून लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात, तिथे फक्त लिंग बदललंय हे एकदा सांगून पुढे जायचं. अ, अन, बे, गैर लावून उलटा शब्द होतो हे थोड्या मोठ्या मुलांना, नऊ-दहाच्या पुढे, आवडतं कारण कारखान्यासारखे शब्द पडतात, शुद्ध-अशुद्ध, इमान-बेइमान, हजर-गैरहजर, आणि लगेच कुणीतरी मौल्यवानचं उलटं अमूल्य सांगतं. अमूल्य म्हणजे मोल करताच येणार नाही इतकं मौल्यवान, म्हणजे उलटं सोडाच, शिडीवर आणखी वर! हा धोका आधीच दाखवून ठेवा.

हे शब्द लिखाणात उतरवायला मी दोनच गोष्टी करून घेते. एक, उलटी गोष्ट, म्हणजे चार-पाच ओळींचा परिच्छेद द्यायचा, शूर मुलगा अंधाऱ्या गुहेत झपझप शिरला वगैरे, आणि त्यांनी विशेषणं-क्रियाविशेषणं उलटी करून लिहायचं. भित्रा मुलगा उजेड असलेल्या गुहेत हळूहळू शिरला की पुढचं सगळं बदलावं लागतं, आणि "शूर नसलेला" असं लिहायची परवानगी नाही, ती पळवाट आहे. दुसरं, आधी आणि आता, "आधी मला पोहायची भीती वाटायची, आता..." अशी सुरुवात द्यायची. विरोध दाखवायचं खरं कारण मिळालं की विरुद्धार्थी शब्द न सांगता येतात.

तपासताना मात्र हात आवरा. मुलाने स्वतःच लिखाण मोठ्याने वाचायचं, जो शब्द सारखा ऐकू येतो (बहुतेक ‘छान’ नाहीतर ‘मग’) त्याला पेन्सिलने गोल करायचा आणि त्यातले फक्त दोन बदलायचे. सगळे बदलायला लावले तर काय होतं ते मी भोगलंय, एका मुलीने गोष्टीतला एकही ‘म्हणाला’ ठेवला नव्हता, आजोबा खेकसले, मांजर पुटपुटलं, शेवटी परीसुद्धा गरजली. ‘म्हणाला’ बऱ्याचदा तसाच बरा असतो. बदललेलं वाक्य परत मोठ्याने वाचायला लावा, कानाला खटकलं तर जुना शब्द परत आणायची मुभा द्या आणि त्याचे मार्क कापू नका.