स्लॅलमच्या गेटवर उभं राहायचंय? मग रेसरकडे बघू नका

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बव्हेरिया या भागात नोकरीसाठी आलेली आपली मंडळी दोन-तीन हिवाळ्यांत स्की शिकतात, टीव्हीवर शर्यती बघायला लागतात, आणि मग दर मोसमात कोणी ना कोणी मला विचारतं, ‘तू ते गेट जजचं काम करतेस ना, ते कसं मिळतं?’ गेट जज म्हणजे उतारावरच्या काठ्यांजवळ उभं राहून रेसर प्रत्येक गेटमधून नियमाप्रमाणे गेली का, ते बघणारा पंच. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. स्लॅलम म्हणजे काय (काठ्यांच्या गेटांमधून झटपट वळणं घेत उतरायची स्कीची शर्यत), दोन फेऱ्या, लाल-निळ्या काठ्या, दोन्ही वेळांची बेरीज, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगते. जेवणाचं कूपन मिळतं, नशीब असेल तर एखादी टोपी. बाकी कडक बर्फावर तासन् तास उभं राहायचं. त्यामुळे बायोडेटात एक ओळ वाढेल म्हणून येणार असाल तर नका येऊ. पण स्लॅलमचं वेड असेल, तर उतारावर याहून चांगली जागा नाही. प्रशिक्षक कडेला असतात, प्रेक्षक खाली असतात, आणि कोण गेटमधून नीट गेली याची नोंद पहिल्यांदा होते ती तुमच्या हातातल्या कार्डावर.

रस्ता सरळ आहे. गावातल्या स्की क्लबचं सदस्यत्व घ्या, पोरांच्या शर्यतीत मदतीला जा, क्लबतर्फे पंचांच्या वर्गाला बसा. मोठ्या स्पर्धांना माणसं याच क्लबांमधून जातात. परस्पर अर्ज करून थेट वर्ल्ड चॅम्पियनशिपला उभं राहू असं ज्यांना वाटतं, त्यांना बहुधा पार्किंगला उभं करतात. मला ते योग्यच वाटतं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक नवखे जिथे फसतात आणि मीही जिथे फसले, ती.

नियम ऐकायला सोपा आहे. दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेवरून गेले पाहिजेत. हल्ली स्लॅलमच्या बहुतेक गेटना एकच काठी असते, वळणाची. बाहेरची काठी पहिल्या आणि शेवटच्या गेटला, हेअरपिनला (लागोपाठ दोन उभी गेटं), त्याहून लांब उभ्या जोडगेटांना आणि जिथे वळण लांबवलेलं असतं तिथेच. एकच काठी असेल तर दोन्ही टोकं आणि दोन्ही पाय त्या काठीच्या एकाच, योग्य बाजूने जायला हवेत. एवढंच.

गोंधळ होतो तो शरीरामुळे. आजच्या स्लॅलममध्ये स्की काठीच्या बाहेरून जातात आणि शरीर आत झुकलेलं असतं, म्हणजे काठीच्या पलीकडे. काठीला तळाशी सांधा असतो. रेसर ती हाताने किंवा नडगीवरच्या ढालीने पाडत जाते. धड, डोकं, खांदे सगळं ‘चुकीच्या’ बाजूला आणि पाय मात्र बरोबर बाजूला. आपला डोळा माणसाकडे जातो, चेहऱ्याकडे जातो, आपटणाऱ्या काठीकडे तर जातोच जातो. आणि नेमकं तेव्हा खाली, बर्फाच्या फवाऱ्यात, आतल्या स्कीचं टोक काठीच्या भलत्या बाजूने निघून गेलेलं असतं. काठी दोन पायांच्या मधून जाते. काही रेसर पडतात, काहींना नुसता हिसका बसतो, आणि काही जणी अशा सफाईने पुढे जातात की काही झालंच नाही असं वाटावं.

म्हणून एकच गोष्ट घोकून ठेवा: आतल्या स्कीचं टोक. डाव्या वळणाला डावी स्की, उजव्या वळणाला उजवी. बाहेरच्या स्कीकडे बघत बसलात तर फसलात, कारण ती सहसा बरोबरच जाते. कबड्डीतला रेषापंच चढाईवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, पायाकडे बघतो, तसंच. नजर आधीच काठीच्या बुडाशी रोवून ठेवायची आणि रेसरला त्या नजरेत येऊ द्यायचं. वरून येणाऱ्या रेसरसोबत नजर खाली आणलीत की टोक हुकलंच समजा. माझं हेच झालं. मुलींच्या एका शर्यतीत मी कार्डावर चूक नोंदवली, प्रशिक्षकाने आक्षेप घेतला, ज्युरीने, म्हणजे शर्यतीच्या मुख्य पंचमंडळाने, शांतपणे विचारलं, ‘कुठल्या पायाची स्की?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. काठी विचित्र पडली एवढंच मी पाहिलं होतं. निकाल मुलीच्या बाजूने गेला, आणि तो बरोबर गेला.

कार्डावर काय लिहायचं ते ठरलेलं आहे: बिब नंबर (रेसरच्या छातीवरचा आकडा), गेटचा नंबर, चुकीसाठी ‘एफ’ हे अक्षर, आणि चुकीचं चित्र. लोक चित्र टाळतात. टाळू नका. काठीचा एक ठिपका आणि दोन स्कींच्या दोन रेघा, एक डावीकडून, एक उजवीकडून. ही दोन रेघांची आकृती काढता येत नसेल, तर तुम्ही चूक पाहिलेली नाही, चुकीचा अंदाज केला आहे. पेन नेऊ नका, थंडीत शाई चालत नाही. पेन्सिल न्या, दोन न्या, एक दोरीने गळ्यात.

संशय असेल तर? खात्री असेल तरच चूक लिहायची, असं नियमच सांगतो. शेजारच्या गेट जजला विचारता येतं. ज्युरीच्या सदस्यामार्फत शर्यत थांबवून बर्फावरच्या खुणा तपासायची मागणीही करता येते. कडेच्या प्रेक्षकांचा गलका मात्र कानाआड करायचा. खुणा बघायच्या तर लगेच, कारण घसरत उतार साफ करणारी माणसं आली की पुरावा गेला. पाणी मारून गोठवलेल्या उतारावर तर खुणा जेमतेमच उमटतात, तिथे डोळ्यांवरच भिस्त.

आणखी एक धडकी भरवणारा क्षण येतो. रेसर अडखळते, थांबते, मागे वळून तुमच्याकडे बघते. तुम्ही फक्त दोनच गोष्टी म्हणू शकता: ‘गो’ किंवा ‘बॅक’. बाद होण्याची शक्यता नसेल तर गो, असेल तर बॅक. इतर शर्यतींत पूर्ण थांबलं की खेळ संपतो. स्लॅलममध्ये मात्र पुढच्या रेसरच्या वाटेत येत नसेल तर परत वर चढून सुटलेलं गेट घेता येतं, म्हणून तुमच्या त्या एका शब्दाला वजन. पण घाबरू नका. निर्णयाची जबाबदारी शेवटी रेसरचीच असते, तसं नियमात स्पष्ट आहे. तुम्ही फक्त मोठ्याने आणि एकदाच बोला. ‘अं... मला वाटतं...’ हे चालत नाही, आणि ऑस्ट्रियातल्या पिंत्सगाऊच्या बोलीत तर ते कोणाला कळतही नाही.

शिकवायला कोण हवं, यावर माझी ठाम मतं आहेत. ज्याची मुलगी सध्या शर्यतीत उतरते आहे अशा बापाकडून शिकू नका. माणूस सज्जन असेल, पण प्रत्येक संशय त्याला स्वतःच्या घरचा वाटतो. तरुण प्रशिक्षकांकडूनही नको, ते वळणाची लय बघतात, टोक बघत नाहीत. क्लबातली एखादी खडूस, निवृत्त बाई शोधा, जी कॉफी पाजत नाही आणि तुमच्या कार्डावरचं चित्र खोडून परत काढायला लावते. आणि स्लो मोशन व्हिडिओ बघून तयारी करणारे मला मुळीच पटत नाहीत. स्लो मोशनमध्ये सगळ्यांनाच दिसतं. शिकायचं तर साध्या वेगातली शर्यत बघा, चूक कुठे झाली ते मोठ्याने सांगा, मग रीप्ले बघा.

त्यासाठी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या महिला स्लॅलमसारखा अभ्यास नाही. फ्रान्समधल्या मेरिबेलला 2023 साली दोन शर्यती झाल्या, त्या जोडीने बघा. आधी 6 फेब्रुवारीची कम्बाइन्ड, म्हणजे एक वेगाची फेरी आणि एक स्लॅलमची: स्लॅलमच्या फेरीत, शेवट अगदी जवळ आलेला असताना अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनच्या दोन पायांमध्ये काठी आली, ती बाद झाली आणि सोनं इटलीच्या फेडेरिका ब्रिन्योनेला गेलं. मग 18 फेब्रुवारीची स्लॅलम: पहिल्या फेरीअखेर शिफ्रिन पुढे, आणि दुसऱ्या फेरीत कॅनडाच्या लॉरेन्स सेंट-जर्मेनने तिला 0.57 सेकंदांनी मागे टाकलं. सेंट-जर्मेन तोवर वर्ल्ड कपमध्ये पहिल्या तिनांत एकदाही आलेली नव्हती. ‘मोठ्या नावांकडे लक्ष ठेवलं की झालं’ म्हणणाऱ्या गेट जजना मी हीच शर्यत दाखवते. शिवाय दुसऱ्या फेरीत पहिल्या तीस जणी उलट्या क्रमाने येतात. आघाडीवरची तिसावी येते. तोवर तुमची बोटं बधिर झालेली असतात, आणि तुमच्या गेटजवळ चर पडलेले असतात.

वरची किंवा खालची गेट मिळाली म्हणून हिरमुसू नका. बीजिंगच्या 2022 च्या ऑलिंपिकमध्ये शिफ्रिन स्लॅलमच्या सुरुवातीच्या काही गेटांतच बाहेर पडली. तिथे ‘आता इथे काय होणार’ म्हणून कोणी हात चोळत उभं असतं, तर?

ऑस्ट्रियातल्या झालबाखच्या 2025 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला मी कडेला प्रेक्षक म्हणून होते. कामील रास्त आणि वेंडी होल्डनर, दोघी स्विस, पहिल्या-दुसऱ्या आल्या, ऑस्ट्रियाची काथारिना लीन्सबर्गर तिसरी. भोवताली ऑस्ट्रियन झेंडे आणि घंटांचा कल्लोळ, आणि माझी नजर काठ्यांच्या बुडाशी. शेजारचे आजोबा म्हणाले, ‘वर बघा की, चेहरा दिसतोय तिचा!’ ही सवय लागली की शर्यतीची मजा थोडी कमी होते, हेही आधीच सांगून ठेवते.

नकळत एक भेदभाव होतो, त्याबद्दल बोलायलाच हवं. शेवटच्या बिबवाल्या, छोट्या देशांतल्या मुली येतात तेव्हा अर्धे गेट जज थर्मास उघडतात. मला याचा फार राग येतो. 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये भारताची शैलजा कुमार स्लॅलममध्ये उतरली आणि 28 वी आली. दोन्ही फेऱ्या पुऱ्या करणं हेच स्लॅलममध्ये किती अवघड असतं, ते ‘बाद’ची लांबलचक यादी ज्याने लिहिली आहे त्याला विचारा. मनालीच्या आंचल ठाकूरने 2018 मध्ये तुर्कस्तानात स्लॅलमचंच कांस्य मिळवलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं पहिलं पदक म्हणून ते गाजलं. अशा मुलींचाही प्रत्येक गेट कोणीतरी तितक्याच डोळ्यांत तेल घालून बघितला पाहिजे.

महाराष्ट्रातून ज्यांनी मनाली किंवा गुलमर्गला स्कीचा कोर्स केला आहे, त्यांना सोपं जाईल. कड्यावर पाय रोवून उभं राहण्याची सवय ट्रेकवाल्यांना असतेच. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे खिळे, हवेतच. लाल किंवा निळं जॅकेट घालू नका, गेटच्या रंगात मिसळाल. जर्मन तोडकंमोडकं चालतं, आकडे मात्र पक्के हवेत: बेचाळीस आणि चोवीस यांची अदलाबदल झाली तर भलतीच मुलगी बाद होते.

कार्ड दिलं म्हणून लगेच खाली पळू नका. बाद झालेल्यांची यादी लागली की आक्षेपासाठी पंधरा मिनिटं असतात. आक्षेप घेणाऱ्याला शंभर स्विस फ्रँक ठेवावे लागतात, त्यामुळे जो येतो तो तयारीने येतो. तुम्ही चूक लिहिली असेल तर आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत ज्युरीच्या हाकेवर थांबायचं असतं. खोलीत हीटर असतो. बस चुकली तर क्लबातलं कोणीतरी सोडतंच, फक्त आधी विचारून ठेवा.