विसरलेल्या ठेवीसाठी बँकेत जाण्यापूर्वी

कपाट आवरताना जुनं पासबुक किंवा पिवळी पडलेली एफडीची पावती सापडली की घरात हमखास कुणीतरी म्हणतं, 'सोड, गेले ते पैसे.' गेलेले नसतात. खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज व्यवहारात धरत नाहीत. अशी दहा वर्षं उलटली की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत भरते. मुदत ठेवीची दहा वर्षं मुदत संपल्यापासून मोजायची. पैसे तिथे गेले तरी हक्क आपलाच राहतो आणि दावा कधीही करता येतो. मागायचे मात्र आपल्याच बँकेकडे. बँक आपल्याला देते आणि मग निधीतून परत घेते. व्याज मिळणारं खातं असेल तर निधीत असतानाचं व्याजही मिळतं. ११ मे २०२१ पासून तो दर ३ टक्के सरळ व्याज आहे.

आधी घरातले सगळे कागद एकत्र करा: पासबुकं, पावत्या, चेकबुकांची अर्धुकं, बँकेची जुनी पत्रं. पासबुकाचं पहिलं पान नीट बघा. शाखेचा शिक्का, खाते क्रमांक, खाली नॉमिनीची नोंद आहे का आणि खातं एकट्याचं की 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं, हे सगळं तिथेच कळतं. शिक्क्यावरची बँक आज त्या नावाने नसेल तर घाबरू नका. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये, मराठवाड्यात घरोघरी खाती असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ मध्ये स्टेट बँकेत आणि देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात. चौकशी या आजच्या बँकांकडे करायची.

मग रिझर्व्ह बँकेच्या 'उद्‌गम' पोर्टलवर शोध घ्या. मोबाइल नंबरवर नोंदणी होते, पैसे लागत नाहीत. खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, जन्मतारीख यांपैकी एक तपशील जवळ ठेवा. इथे घाई करू नका, विशेषतः आईचं, आजीचं, आत्याचं खातं शोधताना. लग्नाआधी नोकरीला असताना उघडलेलं खातं माहेरच्या आडनावावर असतं, मधलं नाव वडिलांचं. नंतरचे सगळे कागद सासरच्या नावाचे. म्हणून दोन्ही नावं टाकून बघा. आडनाव आधी घालून बघा, मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर घालून बघा. दीक्षित, चौधरी यांसारख्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं चार तऱ्हांनी लिहिली जातात, तीही सगळी बघा. बाईच्या कष्टाचे पैसे निव्वळ नाव जुळलं नाही म्हणून पडून राहावेत, हे मला फार लागतं. तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आत्ताच शोधून ठेवा.

उद्‌गमवर सगळ्या बँका नाहीत. मार्च २०२४ मध्ये तीस होत्या. गावातल्या सहकारी बँकेत खातं असेल तर त्या बँकेच्या संकेतस्थळावरची बेवारस ठेवींची यादी बघा, नाहीतर सरळ शाखा गाठा. पतसंस्थेतली ठेव या निधीत येतच नाही, तिचा शोध संस्थेकडेच घ्यायचा.

खातेदार हयात असेल तर काम सोपं आहे: आधार, पॅन, फोटो, केवायसीचा फॉर्म. खातं पुन्हा सुरू करायला बँकेने शुल्क घ्यायचं नाही, किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही लावायचा नाही.

खातेदार वारले असतील आणि नॉमिनी असेल, तर मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढं लागतं. नॉमिनीच्या हातात आलेले पैसे वारसांच्या वतीने असतात, हे घरात आधीच स्पष्ट बोलून घ्या, म्हणजे भावंडांत कटुता येत नाही. नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांची नावं, इतरांचं ना-हरकत पत्र आणि हमीपत्र यांची तयारी करा. परदेशातल्या भावाची सही यायला वेळ लागतो, ती आधी मागवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार अशा बिनवादाच्या दाव्यात व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र मागायचं नाही, आणि कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे.

'पैसे काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटला कमिशन देऊ नका, ओटीपी तर मुळीच सांगू नका. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या, अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. बँकेने नकार दिला किंवा तक्रारीला तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर ती पोच जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.